करंगळीला कोण सांगणार

सकाळपासून सगळं ठीक चाललं होतं, म्हणजे काहीच चालत नव्हतं, पण निदान ते आवाज न करता चालत नव्हतं. आणि मग स्क्रीन थिजली. तिने तीन ओळी लिहिल्या होत्या. तिसरी संपता संपता डाव्या हाताची करंगळी कीबोर्डच्या कोपऱ्यातल्या कंट्रोलवर गेली, शेजारच्या बोटाने एस दाबला, लिहिलेलं जपून ठेवायला, जसं ती पंचवीस वर्षं दर दोन-चार ओळींमागे करत आली होती, ज्याला कुणी विचार म्हणणार नाही अशा पद्धतीने. आणि त्यानंतर पडद्यावर एक अक्षर उमटेना. दिसेल ती कळ तिने दाबून पाहिली. मग जोरात दाबून पाहिली, कारण ऐकू न येणाऱ्याशी माणूस मोठ्याने बोलतो. शेवटी तिने इंग्रजी अक्षरांत ‘ऊठ ना मेल्या’ असं लिहिलं. तेही दिसलं नाही, म्हणून पुन्हा लिहिलं, आणि या खेपेला पुढे आणखी दोन शब्द जोडले, जे ती घरात कधी उच्चारत नाही. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून एक लांब, केसाळ हात आला, त्याने दोन कळा दाबल्या, आणि मघापासून अडकलेलं सगळंच्या सगळं पडद्यावर भसाभस ओतलं गेलं: एसांची रांग, अर्धवट शब्द, दोनदा ऊठ ना मेल्या, आणि ते दोन शब्द.

“हे कुणाला उद्देशून?” हाताच्या मालकाने विचारलं.

“यंत्राला.”

“बरं. मला वाटलं, माझी ओळख करून घेताय.”

हा माणूस नव्या कंपनीतला. साठीच्या अलीकडचा, डोक्यावर एक केस नाही, आणि त्याच्या यंत्रावर त्याने स्वतःचं म्हणून काही ठेवलेलं नव्हतं. जसं डब्यातून निघालं तसंच काळ्यावर पांढरं. म्हणून ऑफिसात त्याला संन्यासी म्हणत, आणि तो त्या हाकेला ओ देई. त्याने सांगितलं की या ऑपरेटिंग सिस्टिमवर, निदान या काळ्या खिडकीत, ती कळ ‘जपून ठेव’ अशी नाही, ‘थांब’ अशी आहे. पूर्वी म्हणे यंत्राचं उत्तर कागदावर छापून येई, कागद अडकला की ही कळ दाबायची. कागद गेला, छापणारे गेले, थांब तेवढं राहिलं. “आणि पुन्हा चालू करायला?” “क्यू.” “आमच्याकडे क्यूने बंद होतं.” “असेल. आमच्याकडे चालू होतं,” असं म्हणून तो वळला, जणू नळाची चावी कुठल्या बाजूला फिरवायची एवढंच सांगितलं होतं. ती मात्र आपल्या करंगळीकडे पाहत राहिली. करंगळीने काही चूक केली नव्हती. करंगळीने जपायला सांगितलं होतं आणि यंत्राने ऐकलं होतं, थांब. कंपनी विकली गेली हे मोठ्या मीटिंगमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं, चहा-बिस्किटं देऊन सांगितलं होतं. करंगळीला कोण सांगणार?

तिचं काम पावाचं होतं. म्हणजे पाव ती करत नसे, घरी केलेला एकदाच, तो नवऱ्याने दार अडवायला वापरला होता. पण शहराबाहेरच्या पावाच्या कारखान्यात ज्या चार लांब भट्ट्या होत्या, त्यांना किती तापायचं आणि केव्हा निवायचं हे जो प्रोग्रॅम सांगे, तो तिने लिहिलेला होता. तरुणपणी लिहिला, आणि मग त्याच्यासोबत ती मध्यमवयीन झाली. सकाळी रस्त्यावरून येताना दुकानादुकानांतून उबदार वास येई तेव्हा तिला जो आनंद होई तो तिने कधी कुणाजवळ बोलून दाखवला नव्हता, कारण तो सांगता येण्याजोगा नव्हता: एवढं शहर न्याहारीला बसलेलं, आणि त्यात कुठेही आपलं नाव नाही, आणि तरी. आता नव्या मालकांनी तिला नवं यंत्र दिलं होतं. भट्ट्यांचा प्रोग्रॅम त्या यंत्रावर उभा करायचा, महिनाअखेरीला चालवून दाखवायचा. तिच्यापेक्षा बराच तरुण असा एक गुळगुळीत चेहऱ्याचा मुख्य होता, ज्याचं प्रत्येक वाक्य एकाच ठिकाणी जाऊन टेकत असे, म्हणून पोरांनी त्याचं नाव हरकतनाही पाडलं होतं. तो म्हणाला, “मॅडम, हत्यारं तुमची तुम्ही निवडा. एडिटर, कंपायलर, जे लागेल ते. आमच्याकडे सक्ती नाही.” आणि मग, अगदी प्रेमाने, “आणि नाहीच जमलं तरी हरकत नाही. समन्वयाची जागा रिकामी आहे. भट्ट्या दुसरं कुणी बघेल.” समन्वय म्हणजे इतरांनी काय केलं हे इतरांना विचारून आणखी इतरांना कळवणं. पगार तोच, खुर्ची जास्त मऊ. तिला ओरडून काही सांगावंसं वाटलं होतं. तिने बिस्किट घेतलं होतं.

निवडा. हा शब्द घेऊन ती घरी आली, आणि तो चपलेत शिरलेल्या खड्यासारखा बोचत राहिला. तिने आयुष्यात काय निवडलं होतं? बूट वडील निवडायचे, पाय वाढतो म्हणून एक नंबर मोठे, त्यामुळे बालपण पुढे कापसाचा बोळा घालून गेलं. संगणकाचा अभ्यास मोठ्या भावाने निवडला, कारण त्याला स्वतःला मिळाला नव्हता. नवरा आत्याने सुचवला, आईने दोनदा चहा देऊन पारखला, आणि तो चांगला निघाला यात तिचं कर्तृत्व शून्य होतं. जुन्या कंपनीत हत्यारं टेबलावर मांडूनच दिलेली असत, निळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं, आवडतात का असं कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर तिला प्रश्न समजला नसता. हाताला दिलेली कुदळ आवडते का? कुदळीने खणतात. आता अचानक पन्नाशीत कुणी येऊन म्हणतं, घे, अख्खं दुकान तुझं, आणि माणूस दुकानाच्या मधोमध उभा, आणि सगळ्या कुदळी त्याच्याकडे बघतायत.

तिने ऑफिसात चौकशी केली, ही चूक झाली. चौकशीने तिला कळलं की एडिटर, म्हणजे ज्यात प्रोग्रॅम लिहायचा ती खिडकी, ही वस्तू नसून पंथ आहे. खिडकीजवळ बसणारे ज्या एडिटरचे होते त्यात माउस चालत नसे, आणि त्यातून बाहेर कसं पडायचं हे बहुधा दीक्षेच्या दुसऱ्या वर्षी सांगत. पाण्याच्या पिंपाजवळचे दुसऱ्याचे होते. तो उघडेपर्यंत चहा करून आणता येई, पण उघडला की चहा सोडून सगळं करत असे. दोन्हीकडचे लोक तिच्याशी हळू आवाजात बोलले, आजारी माणसाशी बोलतात तसे. “तुमच्या वयाला हा सोपा पडेल,” असं एकजण म्हणाला, आणि तिने तो लगेच रद्द केला, एडिटर आणि माणूस दोन्ही. तिने दोन घालून पाहिले, काढले, आणखी घातले, एकाचे रंग बरे होते, एकाची शोध घ्यायची पद्धत बरी होती, आणि रात्री अंथरुणात ती त्यांची तुलना करत पडे, मुलीला एकाच वेळी तीन स्थळं आल्यासारखी. भट्ट्यांची एक ओळ हलली नव्हती. मुलगी फोनवर म्हणाली, “आई, तू अजून निवडतेच आहेस?” ज्या मुलीला चपला घ्यायला अख्खा दिवस लागतो तिने हे म्हणावं.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. संध्याकाळी ती त्याला आणायला गेली तेव्हा आत एक आडदांड गृहस्थ खुर्चीत बसला होता, नाकावर नंबर तपासायची ती जड चौकट, आणि नवरा एकेक काच फिरवत होता. आता बरं की मघाशी बरं? मघाशी. आता? आता… नाही, मघाशी. नक्की? गृहस्थाच्या मानेवर घाम आला होता. एवढा मोठा माणूस, पण खुर्चीत बसल्यावर शाळेतला झाला होता. चुकीचं उत्तर दिलं तर काय करतील? शेवटी तो हरून म्हणाला, “मला दोन्ही सारखीच वाटतात हो.” नवरा म्हणाला, “झालं. उतरा.” बाहेर आल्यावर तिने विचारलं, “तो तर म्हणाला कळत नाही, आणि तुम्ही झालं म्हणालात?” नवरा शटर ओढत म्हणाला, “अगं, दोन्ही सारखी वाटायला लागली म्हणजेच नंबर लागला. तोवर फरक दिसत असतो. लोकांना वाटतं, ते नापास झाले.” तिच्या मनात एक दार उघडत होतं, पण घाईत ती शेजारच्या दारातून आत गेली. तिने अर्थ काढला की सगळंच सारखं. सगळं सारखं असेल तर निवडायचं कशाला? आणि निवडायचं नसेल, तर जुनं आहेच की.

म्हणून पुढचे काही दिवस तिने जे केलं ते एखाद्या गृहिणीने नव्या घरात जुनं घर मांडावं तसं केलं, पण भिंतींसकट. हाताशी आला त्या एडिटरला तिने निळी पार्श्वभूमी दिली, पिवळी अक्षरं दिली. एकेक कळ उलटवून जुन्या जागी आणली: एसने जपायचं, क्यूने बंद करायचं, आणि बंद करताना ‘नक्की ना?’ असं यंत्र विचारी तेही काढून टाकलं, कारण जुनं विचारत नसे. हे सगळं करताना तिला फार बरं वाटलं, इतकं बरं, की आपण काम करतोय असंच वाटलं. करंगळी परत करंगळी झाली. ती अशा खोलीत बसली होती जिचा पत्ता बदलला होता, पण पडदे तेच होते. आणि कधीकधी टाइप करता करता तिला एक बारीक, विचित्र भीती वाटून जाई, झोपेत पाय घसरल्यासारखी, की ही खोली कागदाची आहे. मग ती दोन ओळी लिहून एस दाबी. जपलं जाई. भीती जाई.

नव्या कंपनीत एक रीत होती: महत्त्वाचं काम दोघांनी एका यंत्रावर करायचं. एक टाइप करणार, दुसरा शेजारी बसून बघणार, टोकणार; अर्ध्या तासाने कीबोर्ड पलीकडे. भट्ट्यांसाठी तिच्याबरोबर संन्याशाला बसवलं. सकाळची पाळी तिची होती आणि ती छान गेली. तारेतून येणारे तापमानाचे आकडे वाचण्याचा अख्खा भाग तिने नव्याने लिहिला, तो मधूनमधून “हं” म्हणत राहिला, आणि एकदा तर “बरं लिहिता” असंही म्हणाला. हातातलं संपवूनच देते म्हणत तिने त्याच्या दोन पाळ्या गिळल्या. मग कीबोर्ड त्याच्याकडे गेला. सकाळचं नवं आणि आधीचं जुनं एकत्र करून त्याने प्रोग्रॅम बांधायला घातला. यंत्र विचारात पडलं, पडदा जरा वेळ हलला नाही. आणि संन्याशाने, ज्याच्या करंगळीलाही तीस वर्षं झाली होती, अगदी सहज, न बघता, थांबलेल्याला चालू करायची कळ दाबली. क्यू. सगळ्या खिडक्या मिटल्या. नक्की ना, असं कुणी विचारलं नाही. सकाळपासून ती लिहिण्याच्या नादात एस दाबायला विसरली होती, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

संन्याशाने कीबोर्ड तिच्याकडे सरकवला.

“बाई,” तो म्हणाला, “हे यंत्र आहे की तुमचा दात घासायचा ब्रश?”

“म्हणजे?”

“म्हणजे दुसऱ्या कुणी हात लावला की वाया गेलं.”

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. “कळ तुम्ही दाबलीत.”

“मी दाबली. तुमच्या घरात दिव्याच्या बटणाने छप्पर पडतं, हे मला कुणी सांगितलं नाही.”

“आणि तुमचं काय? तुमच्या यंत्रावर तर काहीच नाही. जसं आलं तसं. संन्यासी म्हणतात लोक, तुम्हाला वाटतं कौतुक आहे! तुम्ही तरी कुठे काय निवडलंत? तुम्ही निवडायला घाबरलात आणि त्याला वैराग्य म्हणालात.” हे इतक्या मोठ्याने झालं की पिंपाजवळच्या पंथाने माना वळवल्या. तिला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. घरात ती असं बोलत नसे. जुन्या कंपनीत तर कुणी तिचा आवाजच ऐकला नव्हता, तिचं फक्त काम चाले. संन्याशाने टकलावर हात फिरवला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू होतं की नाही हे तिला ठरवता येईना.

“बायको हेच म्हणायची,” तो म्हणाला. “याहून जरा कमी शब्दांत.” आणि पुढे, “पूर्वी मी सगळं सजवून ठेवायचो. तुमच्यापेक्षा वाईट. एकदा यंत्र बदललं, सगळं गेलं. मग म्हटलं, नकोच.”

तर असं होतं. एकाने घर पाठीवर घेतलं होतं, दुसऱ्याने घर केलंच नव्हतं, आणि दोघांचं दुखणं एकच. तिला हसू आलं, रडू येईल अशी अपेक्षा असताना आलं, त्यामुळे ते जरा वेडंवाकडं आलं. तिने निळा रंग काढला. पिवळी अक्षरं काढली. उलटवलेल्या कळा एकेक करून सरळ केल्या, आणि प्रत्येक कळेगणिक तिला उतरणीवर ब्रेक सोडलेल्या सायकलवर बसल्यासारखं वाटत होतं. “आता?” संन्याशाने विचारलं. “आता काम करू,” ती म्हणाली. “जिथे बोचेल तिथे थांबू. बोचल्याशिवाय काही घ्यायचं नाही, आणि बोचल्यावर घ्यायला लाजायचं नाही.” हे आपण कुठून बोललो हे तिला कळेना. नवऱ्याने त्या घामाघूम गृहस्थाला उतरवल्यावर त्याच्या हातात त्या काचांतून वाचून बघायला वर्तमानपत्र दिलं होतं, एवढं आठवलं. आपण तेव्हा भिंतीवरच्या अक्षरांकडेच बघत होतो.

सकाळचं लिहिलेलं दुसऱ्यांदा लिहिलं तेव्हा ते लहान झालं. लांबच्या फायलीत शोधताना बोचलं, तेव्हा शोधणारं एक छोटं हत्यार घेतलं. संन्यासी आधी नाक मुरडून बसला, मग दुपारी गुपचूप स्वतःच्या यंत्रावरही घालून आला. एडिटर कुठला घेतला? जो त्या वेळी उघडा होता तो. दोन्ही पंथ नाराज झाले. आणि मग प्रोग्रॅम बांधून तयार झाला, आणि चुकला.

ऑफिसात भट्ट्यांची एक खोटी पेटी होती, चार दिवे आणि चार काटे. खऱ्या भट्टीसारखे आकडे पाठवी आणि जळायची पाळी आली की दिवा लाल करी. दिवे लाल झाले. दोन नंबरच्या भट्टीचा आकडा प्रोग्रॅम एक नंबरचा समजून वाचत होता, आणि शेजारची थंड म्हणून तापलेल्या भट्टीला आणखी तापवत होता. का, ते समजेना. जुन्या यंत्रावर असं झालं की ती ठिकठिकाणी आकडे छापून अंदाज बांधी, आंधळ्याने काठी टेकावी तशी. आता इथे खरोखरच बोचलं. प्रोग्रॅमला ओळीओळीला थांबवून आत काय आहे ते दाखवणारं हत्यार तिने उतरवून घेतलं. एक ओळ पुढे. बघ. आणखी एक. बघ. आपण लिहिलेल्या गोष्टीच्या आतून असं चालताना तिला संकोच वाटला, आपल्याच घराला पाहुण्यासारखं बघावं तसा. आणि मग ती त्या ओळीपाशी आली.

ती ओळ म्हणजे एक थांबा होता. आकडा मागायचा, एक श्वासभर थांबायचं, मग वाचायचा. शेजारी तिनेच कधीकाळी लिहून ठेवलं होतं: का ते आठवत नाही, पण काढू नये. एवढी वर्षं ती ओळ कुणी काढली नव्हती. त्या ओळीजवळून जाताना सगळे, खुद्द लिहिणारीही, जरा वळसा घालून जात. आता हत्याराने दाखवलं: आकडा आला. लगेच आला, हात पुढे केल्याबरोबर आला, आणि प्रोग्रॅम श्वास धरून उभा. तेवढ्यात दुसऱ्या भट्टीचा आकडा येऊन पहिल्याच्या डोक्यावर बसला. तिने पुन्हा एकदा पाहिलं. मग खुर्चीत मागे टेकली. तो थांबा भट्टीसाठी नव्हताच. भट्टी कधीच उशीर करत नव्हती. जुनं यंत्रच आकडा द्यायला वेळ लावी, त्याच्यासाठी ती थांबत होती. इतकी वर्षं, दर श्वासाला, एका मंद यंत्राचा मान राखत होती आणि समजत होती की पावाला असंच लागतं.

“काढू?” तिने विचारलं.

“मला काय विचारता?” संन्यासी म्हणाला. “तिथे लिहिलंय, काढू नये.”

“ते मी लिहिलंय.”

“मग लिहिणाऱ्या बाईंना विचारा.”

तिने ओळ पुसली. शेजारची सूचनाही पुसली. प्रोग्रॅम पुन्हा बांधला, पेटीला जोडला, आणि दोघं वाकून बसले. एक हिरवा. दोन हिरवा. तीन जरा पिवळा राहिला, तिच्या छातीत काहीतरी पिवळं झालं, मग तोही हिरवा. चौथा मात्र लुकलुकत होता, ना इकडे ना तिकडे, पण ते वेगळं होतं, ते काय आहे ते तिला जवळपास दिसत होतं, एक ओळ पुढे, आणखी एक. आणि तिच्या बोटांना हुशारी आली होती, डाव्या, उजव्या, सगळ्या.

पाठीमागे बूट वाजले. “मॅडम,” हरकतनाही म्हणाला, “समन्वयाचं आज कळवायचं होतं वरती. तुमचं नाव देऊ ना? भट्ट्यांसाठी मी माणूस बघून ठेवलाय.”

तिला ऐकू आलं, पण ते दुसऱ्या खोलीतल्यासारखं ऐकू आलं. संन्यासी वळून म्हणाला, “बाई कामात आहेत.”

“हरकत नाही, मी उभा राहतो.”

“नका राहू,” ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. “समन्वयाला त्या माणसाचं नाव द्या. भट्ट्या माझ्याकडे आहेत.”

मग हरकतनाहीने पेटीकडे पाहिलं असावं, तिथले तीन हिरवे दिवे मोजले असावेत, कारण पुढचं वाक्य तो जिथे टेकवत असे तिथे न टेकवताच निघून गेला. बूट लांब गेले. संन्याशाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि तो खाकरला.

“बाई, माझी पाळी.”

“चार नंबर राहिलाय.”

“अर्धा तास केव्हाच झाला.”

“माहितेय,” ती म्हणाली, आणि कीबोर्ड आणखी थोडा आपल्याकडे ओढून घेतला.